आईचा जन्म मुक्तीआधीचा, पेडण्याचा. पोर्तुगालच्या लेखी ती कोण?

पेडणेकरीण_पुण्यात

नमस्कार मंडळी. दोन महिने घरात हाच एक विषय चाललाय, म्हणून शेवटी धागा काढतेय.

माझी आई गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. मुक्तीनंतर तिला मामाकडे बांद्याला शाळेत घातलं. पुढे ती शिक्षिका झाली, जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य गेलं, २०१४ मध्ये निवृत्त झाली. आता आमच्याकडे पुण्यात असते.

माझा मुलगा आयटीत आहे. ऑफिसात कुणीतरी त्याच्या कानात सोडलं की आजी गोव्याची असेल तर पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, मग युरोपात कुठेही राहा. लगेच एका एजंटला फोन झाला. तो म्हणाला, आजीचा जन्म लिस्बनला चढवू, मग आईचा, मग तुमचा, तीन पायऱ्या. फी किती ते इथे लिहीत नाही, तुमचंही बीपी वाढेल.

आई म्हणते, "माझ्या काकांना त्यांच्या पोलिसांनी पत्रादेवीच्या नाक्यावर गुरासारखं बडवलं. आता त्यांच्याच दारात मी नाव घाला म्हणून जाऊ?" मुलगा म्हणतो, "आजी, तो हुकूमशहा सालाझार होता. मेला तो कधीच." सध्या दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

भावनेचं आमचं आम्ही बघू. मला कायदा समजून घ्यायचाय. आई भारतीय झाली ती नेमकी कधी? पोर्तुगाल अजून तिला आपली कशी म्हणतो? आणि नाव नुसतं नोंदवलं, पासपोर्ट काढलाच नाही, तर इथलं काही जातं का? एजंट म्हणतो काही होत नाही. एजंट आहे म्हणूनच विश्वास बसत नाही.

---

शिंपलेवाला

वाचतोय. माझ्या साडूचंही हेच चाललंय, त्यामुळे कृपया धागा भरकटवू नका.

---

काळाकोट

ताई, आधी पहिला प्रश्न, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि २० तारखेपासून गोवा, दमण, दीव हा भारताचा प्रदेश धरला जातो. पण जमीन आली म्हणून त्यावरची माणसं आपोआप नागरिक होत नाहीत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात त्यासाठी कलम ७ आहे. नवा प्रदेश देशात आला, तर तिथलं कोण नागरिक हे केंद्र सरकारने आदेश काढून सांगायचं. तो आदेश निघाला २८ मार्च १९६२ ला. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे झाला, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं की मी माझं आधीचंच नागरिकत्व ठेवतो.

तुमच्या आई तेव्हा परकरातल्या. महिना उलटला, त्या भारतीय.

आता पलीकडून बघा. लिस्बनने १९६१ मानलंच नाही. त्यांच्या लेखी गोवा हा शत्रूने बळकावलेला आपलाच प्रांत होता. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात त्यांनी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९७५ मध्ये त्यांनी वसाहतींत जन्मलेल्यांच्या नागरिकत्वाचा कायदा केला. आफ्रिकेतल्या बहुतेकांचं पोर्तुगीजपण त्याने काढून घेतलं. आपल्याकडच्या जुन्या 'इश्तादु द इंडिया'त, म्हणजे पोर्तुगीज भारतात, जन्मलेल्यांना मात्र दार किलकिलं ठेवलं, ज्याला नागरिकत्व टिकवायचंय त्याने तसं सांगावं. म्हणून आईंचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवला, तर पोर्तुगालच्या मते तो नवं काही देत नाही. बाई जन्मापासून आमचीच, कागद तेवढा उशिरा आला.

तिसऱ्या प्रश्नाचं थोडं थांबून लिहितो. कोर्टात निघालोय.

---

पेडणेकरीण_पुण्यात

धन्यवाद काळाकोट. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीला एका देशाने न विचारता घेतलं आणि दुसऱ्याने न विचारता ठेवून दिलं. आईला वाचून दाखवलं. "दोघांनाही माझा पत्ता ठाऊक नव्हता," म्हणाली.

---

सांगलीकर_अण्णा

मला या सगळ्याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

आमच्या सांगलीचे मोहन रानडे. गोव्यात शिक्षक म्हणून गेले, लढ्यात पडले, १९५५ मध्ये पकडले गेले. इतर बहुतेकांची सुटका झाली, गोवा मुक्त झाला, इथे निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि हा माणूस तिकडे पोर्तुगालच्या तुरुंगात. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुक्तीनंतर सात वर्षांनी! त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी रान उठवलं होतं. नानासाहेब गोरे १९५५ च्या मे महिन्यात सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गेले, मार खाल्ला, आग्वादच्या किल्ल्यात बसले. त्याच साली १५ ऑगस्टला निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. आणि आता नातवंडं त्याच दारात लाइन लावतात. कशासाठी? गोदामात खोकी उचलायला.

---

डिचोलीचो_भुरगो

अण्णा, खोकी उचलणारा मीच. स्विंडन, इंग्लंड. बोला.

मी डिचोलीचा. शाळा मराठीतच झाली म्हणून इथे पडीक असतो. वडिलांचा जन्म १९५८ चा. खाणीवर ट्रक होता आमचा, खाणी बंद पडल्या २०१२ मध्ये, हप्ते काही बंद पडले नाहीत. वडिलांचं नाव लिस्बनला आधीच चढलं होतं. चुलत्याने सगळ्या भावांचं एकदम केलं होतं, माझंही त्यातच उरकलं. २०१३ मध्ये इकडे आलो. तेव्हा इंग्लंड युरोपीय संघात होतं. पासपोर्ट दाखवायचा, दुसऱ्या दिवशी कामावर. पहिली दोन वर्षं रात्रपाळी. एका खोलीत चौघे, त्यातले दोघे साष्टीचे किरिस्तांव, एक दमणचा गुजराती आणि मी. चौघांकडे एकाच रंगाचा पासपोर्ट आणि पोर्तुगीज येत नाही एकालाही. लेस्टरला गेलात तर दीव-दमणचे आणखी भेटतील.

आमच्या घरात कुणी सालाझारची आरती करत नव्हतं. आजोबा पक्के मगोवाले, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने फुलाला मत दिलं होतं, आणि हरल्याचं दुःख त्यांना मरेपर्यंत होतं. तेच आजोबा मला म्हणाले, "वच. कर्ज फेडून ये."

आता माझी रड ऐका. मी शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत पाळणारा भक्त. आमच्या घरात ते चालत आलंय. वैशाखात जत्रा असते, सोवळं पाळायचं, तळ्यावर आंघोळ करायची, हातात गोंड्यांची वेताची काठी घ्यायची आणि पहाटे होमखंडातून चालायचं. भारतीय पासपोर्ट गेल्यापासून मी त्या जत्रेला व्हिसा काढून येतो. अर्जात येण्याचं कारण विचारतात. यादीत होमखंड नाही. मी 'पर्यटन' वर टिचकी मारतो.

---

शिंपलेवाला

पर्यटन. _/\_

---

काळाकोट

आलो. तिसरा प्रश्न, आणि खरी मेख इथेच आहे.

नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं, भारतीय माणसाने नैसर्गिकीकरणाने, नोंदणीने किंवा अन्य प्रकारे स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व मिळवलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं. अर्ज नको, नोटीस नको. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. वाद निघाला तर निर्णय केंद्र सरकारचा.

मग लिस्बनची नोंद म्हणजे 'मिळवणं' की नाही? एक बाजू म्हणते, पोर्तुगालच स्वतः सांगतोय की हा जन्मापासून आमचा, मग नवीन काय मिळवलं? जोवर त्यांचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतला नाही, तोवर हा फक्त जन्माचा दाखला. दुसरी बाजू म्हणते, अर्ज तुम्ही केला, सही तुमची, पैसे तुमचे. याला स्वेच्छा नाही तर काय म्हणायचं? आणि त्या नोंदीला तिथे जन्माच्या दाखल्याएवढीच किंमत नाही, पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहतं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पोर्तुगालने त्याला काय नाव दिलंय याच्याशी भारताच्या कायद्याला कर्तव्य नाही.

त्यामुळे 'नुसतं चढवून ठेवू, काही होत नाही' हे वाक्य ज्याचं कमिशन आहे त्यालाच परवडतं. पासपोर्ट घेतल्यावर तर वादच उरत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदारयादीतून नाव काढावं लागतं. दोन्ही खिशांत दोन ठेवून मतदान करून आलेले महाभाग मला माहीत आहेत. तो गुन्हा आहे.

अण्णांसाठी एक. रानडे सुटले त्याच १९६९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात बरोबर उलटा खटला निकाली निघाला. मोंतेरो नावाचे कांदोळीचे ख्रिस्ती धर्मगुरू. १९६२ च्या त्या एका महिन्यात त्यांनी लिहून दिलं की मी पोर्तुगीजच राहणार. सरकारने त्यांना ठराविक मुदतीचा राहण्याचा परवाना दिला. मुदत संपली, पण त्यांनी नवा मागितला नाही. देशही सोडला नाही. स्वतःच्याच गावात परकीय म्हणून त्यांच्यावर खटला झाला. त्यांचं म्हणणं, ही लष्करी व्यापलेली भूमी आहे, जिनिव्हा करार मला इथून हुसकू देत नाही. न्यायालयाने सांगितलं, व्याप्ती संपली, प्रदेश भारतात विलीन झालाय, परदेशी माणसाला परवाना लागेल. शिक्षा कायम.

---

सांगलीकर_अण्णा

काळाकोट, मोंतेरोंचं माहीत नव्हतं. भुरग्या, माझं वाक्य टोचलं असेल तर मागे घेतो. खोकी उचलण्यात कमीपणा नाही. पण चीड तीच आहे.

---

डिचोलीचो_भुरगो

देव बरें करूं, अण्णा. चीड राहू द्या, माझ्या आजोबांनाही होती.

---

पाँडीची_मावशी

मी मूळची कोल्हापूरची, तीस वर्षं पुदुच्चेरीत. तुमच्या धाग्यात आमचं गाव घुसवते, कारण तिथे हेच प्रकरण फार वेगळं झालं.

फ्रेंच लढले नाहीत. १९५४ मध्ये कारभार सोपवला, १९५६ मध्ये करार केला, १६ ऑगस्ट १९६२ ला तो अंमलात आला. त्या करारातच कलमं होती की इथे जन्मलेला माणूस भारतीय होईल, पण फ्रेंच राहायचं असेल तर सहा महिन्यांत लेखी सांगावं. बऱ्याच जणांनी सांगितलं, त्यात फ्रेंच सैन्यातले तमिळ शिपाई होते. त्यांची नातवंडं आजही इथेच राहतात, फ्रान्सच्या अध्यक्षाच्या निवडणुकीला इथेच मतदान करतात. माझ्या गल्लीतले एक आजोबा पेन्शन फ्रान्सची घेतात आणि भांडतात पालिकेच्या नळाच्या पाण्यावरून. कुणाला काही विचित्र वाटत नाही, कारण दोन्ही सरकारांनी एकाच टेबलाला बसून एकच मुदत ठरवली होती. गोव्यात एकाने १९६२ मध्ये महिनाभर विचारलं आणि दुसऱ्याने १९७५ मध्ये. मधली तेरा वर्षं माणसं दोघांच्याही वहीत.

---

काळाकोट

मावशी, नेमकं बोललात. करार आणि लढाई यांतला हाच फरक.

---

दप्तरातला_उंदीर

कायदा झाला. आता कागदाबद्दल बोलतो, कारण निम्मी प्रकरणं कायद्यावर नाही, कागदावर अडतात. मी गोव्यात जुन्या पोर्तुगीज नोंदींचं भाषांतर करत आलोय.

पेडणेकरीणताई, आईंची जन्मनोंद पोर्तुगीज वहीत हाताने लिहिलेली असणार. तिची पूर्ण नक्कल घ्या. 'तेओर' म्हणून मागा, कारकुनाला कळतं. मग बसा चष्मा लावून. आडनावं ओळखू येणार नाहीत. प्रभूचा 'पोरोब' होतो, कामतांचा 'कामोतीं', शेणव्यांचा 'सिनाय', शेटचा 'शेते'. एकाच बापाची तीन मुलं तीन स्पेलिंगांत सापडतात, कारण कारकून तीन.

हिंदू बायकांचं दुखणं आणखी वेगळं. आपल्यात लग्नात नाव बदलतात. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, झालं. माहेरची एक बाई संपली, सासरची दुसरी सुरू झाली. लिस्बनच्या कारकुनाला ते तांदूळ दिसत नाहीत. त्याच्यासमोर दोन बाया असतात आणि तो विचारतो, ही तीच कशावरून? ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याचं नाव शेवटपर्यंत तेच, शिवाय चर्चची वही जोडीला, म्हणून त्यांची कामं भराभर होतात. यात कुणाचा पक्षपात नाही, तांदळाचा दोष आहे.

आईंचं लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही लागेल. त्या काळी किती जणांनी नोंदणी केली होती? आमंत्रणपत्रिका आणि मंगळसूत्रातला फोटो लिस्बनला चालत नाही.

---

पेडणेकरीण_पुण्यात

उंदीरकाका, हात जोडले. आईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, कारण मामाने घरातलं लाडाचं नाव सांगितलं होतं!!

---

तिसवाडीकर

सगळे पासपोर्ट कसा मिळवायचा ते विचारतात. परत यायचं झालं तर काय, यावर कुणी लिहीत नाही, म्हणून ओसीआयबद्दल.

परकीय झालेल्या मूळ भारतीयाला ओसीआय कार्ड मिळतं. कायद्यात मजा बघा, १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातला माणूसही त्यात स्पष्ट धरलाय. म्हणजे गोवेकरासाठी खास ओळ आहे. कार्ड असलं की कितीही वर्षं राहा, नोकरी करा, घर घ्या. मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली चालते. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, त्यांच्याकडेही हे कार्ड आहे.

साध्या लोकांचं अडतं ते असं. ओसीआयला भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला लागतो. लिस्बनला नोंद एका वर्षी झाली आणि त्यानंतरही माणूस भारतीय पासपोर्टवर फिरला, तर अधिकारी म्हणतात तू माहिती दडवलीस. पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्दच करतात. मग परत केल्याचा दाखला नाही आणि ओसीआय नाही. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, रद्द केल्याचा आदेश त्या दाखल्याऐवजी चालेल असं परिपत्रक निघालं आणि त्यावरून गोव्यात मोठा धुरळा उडाला. त्यानंतरही हे नियम हलत राहिलेत. ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशीचा कागद वाचा, व्हॉट्सॲपवरचा नको.

---

डिचोलीचो_भुरगो

तिसवाडीकर, तुम्ही माझीच गोष्ट लिहिलीत. नोंद आधीची, विमानात बसलो भारतीय पासपोर्टवर. मला कुणी सांगितलंच नव्हतं की नोंदीची तारीख कधी मोजतील. पासपोर्ट रद्द झाला. पर्यटक त्यामुळे.

आणि ताईंच्या मुलाला एक सांगा. इंग्लंड आता डोक्यातून काढून टाक. आम्ही ३१ डिसेंबर २०२० च्या आधी इथे राहत होतो, ३० जून २०२१ च्या आत अर्ज टाकला, म्हणून टिकलो. आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन हिथ्रोला उतरलास तर इतर परदेशी माणसासारखाच कामाचा व्हिसा माग. आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स उघडे आहेत. आयटीवाल्याला तिकडे सरळ कंपनीच्या व्हिसावर पण जाता येतं की. आजीला कशाला पायरी करतोस?

---

पेडणेकरीण_पुण्यात

हे शेवटचं वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो मोबाइल घेऊन गच्चीवर गेलाय.

---

रविवारची_भाकरी

अवांतर आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. मुक्तीच्या थोडं आधी काही गोवेकर शिकायला, नोकरीला कराचीला गेले. तिकडे गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती. मागे गोवा भारतात आला आणि ते पाकिस्तानी होऊन बसले. त्यातले एक ७८ वर्षांचे गृहस्थ निवृत्त होऊन गोव्यातच राहत होते. त्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये सीएएखाली, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली, भारताचं नागरिकत्व मिळालं. प्रमाणपत्र मुख्यमंत्री प्रमोद सावंतांनी हातात दिलं. जन्म पोर्तुगीज गोव्यात, नोकरी पाकिस्तानी म्हणून, म्हातारपण भारतीय. एका माणसात तीन देश.

---

संपादक मंडळ

एजंटांचे नंबर असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. पुन्हा टाकल्यास आयडी गोठवला जाईल.

---

पेडणेकरीण_पुण्यात

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. माहिती द्यायची राहिली होती.

मे महिन्यात आईला घेऊन पेडण्याला गेलो. अर्ज करायचा नाही असं तिचं ठाम होतं, पण उंदीरकाकांचा प्रतिसाद वाचल्यापासून वहीत आपलं नाव काय घातलंय ते बघायची तिला उत्सुकता लागली होती. दोन खेपा घातल्यावर तेओर मिळाला. ओळखीच्या एका सरांनी वाचून दाखवला. नाव माहेरचं, स्पेलिंग अगम्य. वडिलांचा धंदा 'शेतकरी', आईचा 'घरकाम'. खबर देणारा म्हणून आजोबांची सही, मराठीत, वळणदार. आई त्यावरून बोट फिरवत बसली.

मग सरांनी तारीख वाचली. २३ फेब्रुवारी १९५७.

आईची आयुष्यभराची जन्मतारीख १ जून १९५६ आहे. शाळेत घालताना मामाने सहा पूर्ण दाखवायला ठोकून दिलेली, त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राची असते तशी. त्या तारखेवर ती ३१ मे २०१४ ला निवृत्त झाली. पोर्तुगीज वही खरी धरली तर २८ फेब्रुवारी २०१५ पर्यंत नोकरी होती.

नातवाचा पासपोर्ट बाजूला राहिला. मुलगा आता नेदरलँड्समधल्या एका कंपनीच्या मुलाखती देतोय, स्वतःच्या हिमतीवर. आई मात्र रोज तेओर काढून बसते आणि येईल त्याला विचारते, नऊ महिन्यांचा पगार मागायचा कुणाकडे, ओरोसच्या जिल्हा परिषदेकडे की लिस्बनकडे? काळाकोट, तुमची फी किती ते तिने विचारायला सांगितलंय.